तीन वाजेपर्यंत फोन करू नये

आमच्या घरात परीक्षेची बातमी लपवायची नसते, असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे. माणूस परीक्षेला एकटा बसत नाही, त्याच्या मागे सगळं गणगोत बसतं, आणि गणगोताने चार शब्द बोलल्याशिवाय लेखणीला जोर येत नाही. आमच्याकडे ही रीतच पडून गेली आहे. मी डी.एड.च्या परीक्षेला निघाले तेव्हा घरोघरी फोन नव्हते, तर लोक एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आले होते. थोरले मामा तर बस हलली तरी खिडकीशी पळत पळत "घाई करू नको, आधी पूर्ण वाच" असं सांगत होते. शिकलेलं माणूस म्हणजे साऱ्या खानदानाची कमाई, हे आम्ही लहानपणापासून विहारात बसून ऐकत आलो. तेव्हा या रीतीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण एका रविवारी या रीतीपुढे मी अक्षरशः हात टेकले, त्याची ही गोष्ट.

लेकीने भंडाऱ्याच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि वर्षभर घरी बसून अर्ज करत राहिली. कोणी उत्तरच द्यायचे नाही. जे द्यायचे ते अनुभव मागायचे. बोलकी पोरगी हळूहळू मुकी होत चालली होती. जेवायला बोलावलं की यायची, जेवून परत खोलीत. मी मास्तरीण. दुसऱ्यांच्या पोरांना कसं बोलतं करायचं हे मला येतं, स्वतःच्या पोरीपुढे मात्र माझी अक्कल चालेना. मग एका पुण्याच्या कंपनीने तिला विचारलं. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी राहिली. ती पार पडली की नोकरी, असं त्यांनी स्पष्टच कळवलं. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी उगाच, काहीही विषय नसताना, अर्धा तास बोलत बसली. मला नोकरीपेक्षा त्या बोलण्याचंच जास्त अप्रूप वाटलं.

शेवटची फेरी रविवारी दुपारी तीन वाजता होती. कंपनीचे साहेब व्हिडिओवर समोर बसणार, लेकीने आपल्या लॅपटॉपवर त्यांच्या देखत प्रोग्रॅम लिहायचा आणि चालवून दाखवायचा. हे सगळं ठीकच होतं. पण रविवारी सकाळी मेल आला की, जावा या भाषेची अमुकच आवृत्ती आणि सोबत अमुकच एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची वही, तीनच्या आत बसवून ठेवा, नाहीतर परीक्षा घेता येणार नाही. लेकीजवळ जावा होतं, पण जुनं.

लॅपटॉप नागपूरहून घेतलेला, कोणाचा तरी वापरलेला. दुकानदाराने त्यात लिनक्स टाकून दिलं होतं. "हे फुकट असते, वायरस येत नाही, अन् म्हातारा लॅपटॉपही पोरावानी पळते," असं त्याने सांगितलं होतं. पळत होता हे खरं. फक्त त्याची बॅटरी मेलेली होती. वायर काढली की जीव गेला. त्यामुळे त्याला घेऊन कुठं रेंजमध्ये जाऊन बसावं म्हटलं तर तेही नाही. ग्रामपंचायतीत वायफाय आहे, रविवारी त्याला कुलूप. माझ्या फोनला नावापुरतं नेट, तेही अंगणात, एखादा निरोप जातो तेवढंच. राहिला लेकीचा फोन. त्याचं नेट लॅपटॉपला जोडायचं आणि काम उरकायचं, असं ठरलं.

तिचे बाबा सकाळीच मोटारसायकल काढून वरठीला कारखान्यात कामावर गेले होते. जाण्याआधी, म्हणजे आदल्या दिवशी, त्यांनी जे करायचं ते करून ठेवलं होतं. विहारात सगळे जमले होते तिथे त्यांनी लेकीच्या परीक्षेचं जाहीर केलं, पाहुण्यांना फोन करून सांगितलं, कारखान्यातल्या सोबत्यांना सांगितलं, आणि वर तिचा नंबर वाटला. "माह्याकडे कायले करता? डायरेक्ट तिलेच करा ना गा," म्हणाले. हे त्यांनी मला मोठ्या आनंदाने सांगितलं आणि मीही हसले. कौतुक वाटलं होतं मला.

लेकीने काळी खिडकी उघडली. त्या खिडकीत चित्र नाही, बटण नाही, नुसती अक्षरं. तिथे आपण हुकूम लिहायचा आणि यंत्राने तो ऐकायचा. तिने आधी जुनं जावा काढून टाकलं.

"दोन दोन राहिले का कोणतं चालून रायलं तेच समजत नाही," ती म्हणाली.

मग नवं आणायचा हुकूम दिला. पासवर्ड मागितला, तिने टाइप केला, पण पडद्यावर एक ठिपकाही उमटला नाही.

"अगं, उमटलं नाही काही," मी म्हणाले.

"लिनक्समध्ये दिसतच नसते आई."

आणि खरंच, खालून ओळी धावू लागल्या. किती टक्के आलं ते आकडे चढू लागले. मी तिच्या पाठीमागे उभी राहून त्या आकड्यांकडे दूध उतू जाईल म्हणून पहावं तशी पाहत होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले दीर.

"जय भीम बेटा. घाबरू नको. तू आपल्या खानदानातली पयली हायेस कंपनीत जानारी. शांत डोक्यानं कर."

"जय भीम मोठे बाबा. हो, शांतच करतो."

फोन ठेवला तर पडद्यावरच्या ओळी थांबलेल्या. मग इंग्रजीत काहीतरी आलं. आणता आलं नाही, असा त्याचा अर्थ लेकीने सांगितला. तिचा फोन जुना आहे. त्यावर कोणी बोलायला लागलं की नेट बंद पडतं आणि बोलणं संपल्यावरही ते लवकर परत येत नाही. ते आलं, तिने पुन्हा हुकूम दिला. सुदैवाने आधी जेवढं उतरलं होतं तेवढं वाया गेलं नव्हतं. आकडे चढायला लागले आणि तिच्या आत्याचा फोन आला.

"उचलू नको," मी म्हणाले.

"नुसता वाजला तरी नेट जाते आई."

"मग कापून टाक."

"आत्याचा फोन कापू?"

आमच्याकडे मोठ्यांचा फोन कापत नाहीत. कापला तर त्यांना वाटतं, पोरगी शिकली आणि माजली. लेकीने फोन घेतला, आत्याची तब्येत विचारली, तिच्या नातवाचं बारसं कधी ते विचारलं, आशीर्वाद घेतला. मी बाजूला उभी राहून हाताने आटप, आटप करत होते. मग तिचे मामा फोनवर आले. मग माझी आई. मग कारखान्यातले कोणी सोबती, ज्यांना लेकीने जन्मात पाहिलं नव्हतं. प्रत्येकजण एकच सांगत होता, शांत डोक्याने कर. त्या शब्दांनी माझंच डोकं तापायला लागलं.

फोनमध्ये बाहेरून येणारे कॉल बंद करायची सोय असते, हे लेकीला माहीत होतं. ती शोधून काढली तर ती पासवर्ड मागू लागली. तो आम्हाला कोणी कधी दिलाच नव्हता. फोन विमानाच्या मोडवर टाकावा तर नेटही जातं. फोनची सगळी सेटिंगं उलटीपालटी करून झाली. मग जरा वेळ कोणाचा फोन आला नाही तर लिनक्सच अडून बसलं. आता म्हणे दुसरंच काही काम आतून चालू आहे आणि त्याने दाराला कुलूप घातलंय, ते संपेपर्यंत थांबा.

"कोणी लावलं कुलूप?"

"कोणी नाही. नेट मिळालं म्हणून हे आपोआप स्वतःले अपडेट करून रायलं."

म्हणजे बाहेरून गणगोत आणि आतून हा. त्यालाही आमच्या लेकीचं भलंच करायचं होतं. मी त्या लॅपटॉपला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लेक मात्र खुर्चीत पाय वर घेऊन बसली, हात गुडघ्यांभोवती. वर्षभर जशी बसायची तशी.

मी मग तो शहाणपणा केला. माझा फोन घेऊन अंगणात गेले, जिथे निरोप जाण्यापुरतं नेट मिळतं, आणि सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, "कृपया आज दुपारी तीन वाजेपर्यंत कोणीही फोन करू नये." शाळेच्या सूचना लिहून लिहून माझा हात तसाच वळलाय. शब्द मोजके, कारण नाही, नमस्कार नाही. पाठवून दिलं आणि मला फार बरं वाटलं.

पण आमच्या लोकांना असा निरोप फक्त वाईट वेळीच येतो. कोणी दवाखान्यात आहे, कोणी शेवटच्या घटका मोजतंय, तेव्हाच कोणी लिहितं की फोन करू नका. तेव्हा तो वाचल्या वाचल्या जो तो फोनवर तुटून पडला. माझाही वाजायला लागला आणि तिचाही.

"काऊन व वहिनी, का झालं? भाऊ बरे हायेत ना? कारखान्यात काही झालं का?" नणंद रडायच्या बेतात होती.

"काही झालं नाही हो. तिचं नेट तुटून रायलं, म्हणून."

"मंग असं कायले लिवता? माहे हातपाय गळाले ना!"

एकेकाला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेजारच्या काकी तर फोनच्या भानगडीत पडल्याच नाहीत. डोक्यावरून पदर घेऊन, चप्पल बाहेर सोडून त्या हळूच आत आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं काकी. पोरीची परीक्षा आहे."

"सूनबाईनं वाचून दाखवलं, मी तं हातचं काम टाकून आली." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "आता आली तं बसतो घडीभर." आणि माझं सूप ओढून त्या लाखोरीची डाळ निवडायला बसल्या.

पण गंमत अशी की निरोप अखेर लागू पडला. कोणी मेलेलं नाही, पोरीचं काम चालू आहे, हे एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं आणि सगळे गप्प झाले. असे गप्प, की मला वाटलं टॉवरच बंद पडला. आमचे लोक काळजी करतात तशी आज्ञाही पाळतात. लिनक्सचंही आपलं आपलं काम संपलं, त्याने कुलूप काढलं. जावा उतरलं. मग एडिटर. लेक बोटाने पडद्यावरची ओळ धरून वाचत होती. शेवटी तिने दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहून चालवून पाहिला आणि तो चालला. ती उठून मला बिलगली. मी तिच्या केसांना तेल लावलेलं नाही हे तेव्हा लक्षात आलं. काय सुचतं अशा वेळी माणसाला!

तीनला थोडा अवकाश होता. तिने तोंड धुतलं, चांगला कुर्ता घातला, फोनचा आवाज बंद करून तो लॅपटॉपशेजारी ठेवला आणि दार लोटलं. मी सपरीत, दाराबाहेरच्या पडवीत, काकींजवळ येऊन बसले. आतून तिचं इंग्रजी ऐकू येत होतं. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. आधी जरा कापरा होता. मग सरळ झाला. एकदा साहेब काही म्हणाले आणि दोघंही हसले. काकींनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. वर्षभरात तिला कोणा परक्याशी असं मोकळं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मनात म्हटलं, झालं, पोरगी लागली मार्गाला.

आणि मग आतून आवाज आला, "हॅलो? सर? सर, आवाज येतोय का? हॅलो?"

मी उठून दार ढकललं. पडद्यावर साहेबांचा चेहरा अर्धवट हसू घेऊन गोठून राहिला होता. शेजारी फोन मुक्यानेच उजळला होता. त्यावर लिहिलं होतं, बाबा.

कारखान्यात त्यांना फोन आत नेता येत नाही. चहाच्या सुट्टीत तो हाती येतो. हाती आला, ग्रुपवरचा माझा निरोप त्यांनी वाचला, घड्याळ पाहिलं, तीन वाजून गेले होते. मीच लिहिलं होतं तीन वाजेपर्यंत. मला तेव्हा ते जावा बसवण्यापलीकडे काही दिसतच नव्हतं. परीक्षा तीनला संपत नाही, तीनला सुरू होते, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, आणि त्यांनाही परीक्षा रविवारी एवढंच ठाऊक होतं. त्यांचा फोन थांबला तर मोठ्या बाबांचा आला. तो थांबला तर आत्याचा. सगळ्या बिचाऱ्यांनी तीन वाजू दिले होते, वर उगाच अडचण नको म्हणून आणखी थोडा वेळ थांबले होते. मी फोन उचलून एकेक कापत सुटले. मोठ्यांचे, धाकट्यांचे, कोणाचे ते न पाहता. लेक पडद्यापुढे हात जोडल्यासारखी बसली होती.

नेट आलं तेव्हा ती खोली, म्हणजे पडद्यावरची, बंद झालेली होती. तिने पुन्हा पुन्हा आत जायचा प्रयत्न केला. कंपनीला मेल लिहिला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. आपण मधूनच बाहेर पडलात, त्यामुळे मुलाखत संपली असं धरलं आहे. पुढे संधी असल्यास कळवू.

"किती राहिलं होतं?" मी विचारलं.

"लिहून झालं होतं. फक्त चालवून दाखवायचं होतं."

काकींना सगळं कळलं असं नाही, पण त्यांनी सूप ठेवलं आणि गुपचूप घरी गेल्या. माझा संताप मावेना. मी फोन घेतला. "आता एकेकाला सांगते. तुझ्या बाबांपासून सुरुवात करते. जगाला दवंडी पिटायला कोणी सांगितलं होतं?"

"नको आई." तिने माझा हात धरला. "कोणाले सांगू नको. बाबाले तं अजिबातच नको."

"काहून?"

"बाबा मंग जन्मभर कोणाले फोन करनार नाहीत."

मी खाली बसले. मला रडू येत होतं आणि ती रडत नव्हती, याचाच मला राग आला. तिच्याजागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

संध्याकाळपर्यंत फोन येत राहिले आणि ती एकेक घेत राहिली. हो आत्या, चांगला झाला. हो मामा, सोपाच होता. मघा कापला ना, ते चुकून झालं मोठे बाबा, हात लागला. आवाज इतका स्वच्छ, की मी स्वयंपाकघरातून ऐकत होते तरी क्षणभर मलाही खरं वाटायचं. तिला थांबवावं तर कशासाठी, आणि चालू द्यावं तर कसं ऐकावं? मी कणीक मळत राहिले.

दिवेलागणीला तिचे बाबा आले. हातात जलेबीचा पुडा. गाडी नीट उभी करायचाही धीर नव्हता त्यांना.

"म्या फोन केला होता बेटा," ते म्हणाले. "तुह्या आईनं तीनपरेंत नको लिवलं होतं, म्हणून तीन वाजू देले अन् मंगच लावला. तू उचलला नाही. म्हटलं, पोरीचं काम जोरात चालू असंल."

"हो बाबा," लेक म्हणाली. "तेव्हा जोरातच चालू होतं."

त्यांनी पुडा सोडून पहिली जलेबी तिच्या तोंडात घातली. मग माझ्याकडे वळले. "काऊन व, तू कायले गप्प? का म्हनले कंपनीवाले?"

लेक माझ्याकडे पाहत होती.

"कळवतो म्हणाले," मी म्हटलं.

"कळवतीलच ना. अशी पोरगी कुठं भेटते त्याइले." ते खाटेवर बसले, खिशातून फोन काढला आणि थोरल्या भावाला लावला. पोरीचं झाल्यात जमा आहे, असं जोरजोरात सांगू लागले. पलीकडून मोठे बाबा काही म्हणाले, तसे हसले आणि फोन तिच्यापुढे धरला. "घे, तुह्याशी बोलतो म्हणतेत."

तिने माझ्या पदराला हात पुसले आणि फोन घेतला.